दाराबाहेरची तीस वर्षं

आमच्या सरांनी आयुष्यात एकही मुलाखत दिली नव्हती. त्यामुळे मुलाखत कशी द्यावी या विषयावर पेण ते रोहा या अख्ख्या पट्ट्यात त्यांच्याइतक्या अधिकाराने बोलणारा दुसरा माणूस नव्हता. ज्यांनी मुलाखती दिल्या होत्या त्यांना निदान शंका तरी असायच्या. सरांना एकही नव्हती.

ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते की कॉलेजात. रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ते शिपाई म्हणून लागले आणि शिपाई म्हणूनच निवृत्त झाले. मधल्या तीस वर्षांत कंपनीत जेव्हा जेव्हा भरती निघाली, तेव्हा तेव्हा मुलाखतीच्या खोलीबाहेर स्टुलावर बसून नावं पुकारायचं काम त्यांच्याकडे होतं. हातात यादी, समोर बाकावर पांढरी पडलेली पोरं, मागे बंद दार. त्या दाराच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. खोली एरवी साहेबांच्या कुलपात असायची, आणि चहा न्यायला कँटीनचा माणूस वेगळा होता.

निवृत्तीनंतर माणसं भजनाला लागतात किंवा सुनांच्या मागे लागतात. सरांनी रोह्यातल्या आपल्या घराच्या पडवीत मुलाखतीचे वर्ग सुरू केले. पहिल्यांदा एका पोराने त्यांना ‘सर’ म्हटलं तेव्हा ते लाजले होते म्हणे. काकू, म्हणजे त्यांची बायको, सांगायच्या, "लाजले ते तेवढंच एकदा. दुसऱ्या दिवसापासून मीपण सर म्हणावं अशी वाट बघत होते."

त्यांची स्वतःची नोकरी लागली ती जमीन गेली म्हणून. एमआयडीसी आली तेव्हा त्यांच्या वडिलांची भातशेती त्यात गेली आणि बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली. "माझी मुलाखत आमच्या दोन एकरांनी दिली," सर म्हणायचे, "मी नुसता सही करायला गेलतो." हे ते विनोद म्हणून सांगायचे. आम्हीही विनोद म्हणूनच ऐकायचो.

मी त्यांच्याकडे कशी पोचले हे सांगायचं, तर आधी माझे पराक्रम सांगावे लागतील. आम्ही पेणला रामवाडीत दोन खोल्यांत राहायचो. बाबा आधी खाडीकडच्या मिठागरात होते. मिठागर बंद पडल्यावर एका कंत्राटदाराकडे लागले. घरातली पहिली पदवीधर मी, बीएस्सी केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. म्हणजे मला सगळं येत होतं, फक्त ते परक्या माणसांसमोर तोंडातून बाहेर येत नव्हतं.

पहिल्या मुलाखतीत "स्वतःबद्दल सांगा" म्हटल्यावर मी "हो सर" म्हणाले आणि थांबले. समोरचे साहेबही थांबले. बराच वेळ आम्ही सगळेच माझ्याबद्दल काही कळतंय का याची वाट पाहत बसलो. दुसऱ्या मुलाखतीत मधल्या बाईंनी माझी अवस्था बघून पाण्याचा ग्लास पुढे केला, तेव्हा मी त्यांना "नको, आई" म्हणाले. तिसरी मुलाखत डोलवीच्या बाजूच्या एका कारखान्यात होती. ती मी दिलीच नाही. एसटीत बसले, पण अर्ध्या वाटेवर वडखळला उतरले, अर्धा तास स्टँडवर बसून राहिले, आणि उलट्या गाडीने घरी आले.

"कसं जालं गो?" आईने विचारलं.

"चांगलं झालं. कळवतील."

त्यानंतर दोन महिने आई त्या कळवण्याची वाट पाहत होती. फोन वाजला की हात पदराला पुसत बाहेर यायची, आणि कुठल्यातरी लोनवाल्याचा असला की माझ्याकडे न बघता पुन्हा चुलीकडे वळायची. तिने एकदाही "अजून कसं कळवलं नाय" असं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच सुमारास पेणमध्ये काचेच्या दाराचा एक क्लास निघाला होता. व्यक्तिमत्त्व विकास आणि मुलाखत तंत्र. तिथले तरुण सर भर मे महिन्यात टाय लावून उभे असायचे आणि घामाला आत्मविश्वासाची झळाळी म्हणायचे. त्यांनी आम्हाला रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मी विजेता आहे’ असं एकवीस वेळा म्हणायला सांगितलं. आमच्या घरचा आरसा बाबांच्या दाढीपुरता. त्यात विजेत्याचं नाक आणि एक डोळा एवढंच दिसायचं. आठव्या दिवशी बाबा दाढीचा ब्रश हातात घेऊन मागे उभे राहिले आणि म्हणाले, "विजेते, सरक जरा. मना कामाला जायचाय."

मग तबस्सुम भेटली. कॉमर्सची, पण कॉलेजच्या वाचनालयात माझ्या बाकावर बसायची, घर रोह्याचं. तिचे दोन्ही भाऊ कतारला होते आणि ती इथे अकाउंट्सच्या नोकरीसाठी धडपडत होती. ती म्हणाली, "आमच्याकडे एक म्हातारे सर आहेत. काय शिकवतात ते कळत नाय, पण झोप लागते."

"वर्गात?"

"नाय गं. मुलाखतीच्या आदल्या रात्री."

एवढी एकच शिफारस मला पुरेशी होती.

पहिल्या दिवशी सरांनी माझा मोबाइल घेतला, काकूंच्या तांदळाच्या डब्यात ठेवला, मला पडवीतल्या एका खुर्चीवर बसवलं आणि ते आत निघून गेले. मी फाइल मांडीवर घेऊन बसले. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. काकू समोर सुपात तांदूळ पाखडत होत्या. मी विचारलं, "सर कधी येतील?" काकू म्हणाल्या, "ते झोपलेत." तासाभराने मी फाइल खाली ठेवली. दीड तासाने पाठ टेकली. शेजारच्यांची एक कोंबडी पडवीत चढली, तिने मला नीट पाहून घेतलं आणि काही न बोलता निघून गेली. दोन तासांनी सर डोळे चोळत बाहेर आले.

"झालं आजचं. परवा ये."

"पण सर, शिकवलं काय?"

"बसायला," सर म्हणाले. "मुलाखत असते पंधरा मिनिटं. बसायचं असतं तीन तास. पोरं पंधरा मिनिटांची तयारी करून येतात न् तीन तासांत मरतात. मी नाव पुकारायचो तवर आत पाठवायला शिल्लक काय असायचं? नुसती इस्त्री."

परतीच्या एसटीत मी मनातल्या मनात तबस्सुमला बऱ्याच शिव्या दिल्या. परवा मात्र गेले. पेण ते रोहा या रस्त्याने कितीदा जावं याला मर्यादा असते. रस्ता इतकी वर्षं दुरुस्त होतोय की खड्डेच आता मूळचे रहिवासी वाटतात. तरी मी आठवड्यातून दोनदा जात राहिले, कारण खरं सांगायचं तर त्या खुर्चीवर तिसऱ्या वेळी मी घड्याळ बघायचंच विसरले.

सरांच्या शिकवणीत पुस्तक नव्हतं, वही नव्हती, इंग्रजी तर औषधालाही नव्हतं. होते ते फक्त हुकूम. मुलाखतीला जाताना डाळभात खाऊन जायचं. नुसत्या चहावर गेलेला माणूस चहासारखाच थरथरतो. नवे बूट घालायचे नाहीत, कारण "चावणारा बूट न् चावणारा साहेब एकाच वेळी कशाला?" आदल्या दिवशी कंपनीच्या गेटापर्यंत जायचं, समोरच्या टपरीवर चहा प्यायचा, वॉचमनला वेळ विचारायची आणि घरी यायचं. म्हणजे दुसऱ्या दिवशी तिथे निदान एक ओळखीचं तोंड असतं. निळा रंग मात्र अंगावर नको. का, तर वीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा मॅनेजरला निळा रंग आवडत नसे. तो मॅनेजर कधीच वारला होता. सरांच्या दृष्टीने त्याने काही फरक पडत नव्हता.

सवयही सुटली नव्हती. कुठेही चार माणसं ओळीने उभी दिसली की सरांच्या तोंडून "पुढचे!" बाहेर पडायचं. डॉक्टरकडे, रेशनवर, एकदा तर लग्नात नवरानवरीला आहेर द्यायच्या रांगेत. आणि माणसं खरोखर पुढे जायची, ही त्यातली वाईट गोष्ट.

त्यांचा सगळ्यात आवडता धडा ‘माहीत नाही’चा. समोर बसवून ते प्रश्न टाकायचे. "कुंडलिका नदीत मासे किती?" "रोह्याच्या स्टेशनात खांब किती?" "माझ्या सासऱ्याचं नाव काय?" प्रत्येकाला मान ताठ ठेवून, त्यांच्या डोळ्यांत बघून उत्तर द्यायचं, "माहीत नाही, सर." मान जरा खाली गेली की परत. "ज्याला येत नाय तो मरत नाय," ते ओरडायचे, "ज्याला येत नाय ते लपवायचं असतं तो मरतो! बाहेर आलेला प्रत्येक पोर मला हेच सांगायचा. काका, मी थाप मारली न् पकडलो. कशाला मारली? तर म्हणे, तोंडातून गेली. तोंडातून गेली म्हणजे काय? तोंड काय नळ हाय?"

थापा मारणाऱ्यांबद्दल त्यांच्या मनात जरासुद्धा दया नव्हती.

हा धडा डोलवीकडच्या हरेशने फारच मनावर घेतला. तो आयटीआय झालेला, तब्येतीने दणकट आणि स्वभावाने आज्ञाधारक. मुलाखतीत त्याने सात प्रश्नांना सात वेळा, मान ताठ ठेवून, "माहीत नाही, सर" असं सांगितलं. त्यातला एक प्रश्न ‘तुमचं गाव इथून किती लांब?’ हा होता.

"अरे पण ते तुला ठाऊक हाय ना!" सर कपाळावर हात मारून म्हणाले.

"हाय की. पण तुम्हीच बोल्लात ना, मान पडाची नाय. उत्तर देताना मान हालते माझी."

हरेशची निवड झाली नाही. सरांनी त्याला जवळ बसवून घेतलं आणि आम्हा सगळ्यांना सांगितलं, "बघा, नोकरी गेली पण मान नाय गेली." काकू आतून म्हणाल्या, "पगार मानेचा मिळतो काय?"

फी सर घेत नसत. एक अट होती. मुलाखत झाली की थेट त्यांच्या पडवीत यायचं आणि आत काय काय होतं ते सांगायचं. प्रश्न नव्हे, प्रश्नांत त्यांना रस नव्हता. खोली सांगायची. टेबल किती लांब, माणसं किती, खुर्चीला हात होते की नव्हते, पंखा की एसी, दार आत उघडतं की बाहेर. सर डोळे मिटून ऐकायचे. मध्येच "थांब, खिडकी कुठल्या अंगाला?" असं विचारायचे. काही मुलं हसायची. मीही हसायचे. एखाद्या माणसाला थिएटरच्या दारात तिकिटं फाडायच्या नोकरीला ठेवावं आणि पडद्याकडे पाठ करून उभं करावं, तसं त्यांचं झालं होतं, हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

याच अटीत मी सापडले. महिनाभरानंतर सरांनी मला आधीच्या तिन्ही खोल्या सांगायला लावल्या. पहिल्या दोन मी नीट सांगितल्या, "नको, आई"सकट. तिसरी मात्र मी रचायला लागले.

"मोठं टेबल होतं. तीन माणसं होती."

"हं. खुर्ची?"

"साधीच. काळी."

"दार? तुला ढकलावं लागलं का ओढावं?"

वडखळच्या एसटी स्टँडला दार नाही.

सर डोळे न उघडताच म्हणाले, "तू तिथं गेलीच नायस."

काकू सूप घेऊन आत निघून गेल्या. मला वाटलं आता नळाचं भाषण होणार. पण सर नेहमीसारखे ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "घरी काय सांगितलंस?"

"चांगलं झालं. कळवतील."

"मग आता पहिलं घरी जाऊन खरं सांग. त्याशिवाय इथं यायचं नाय. पोटात एवढं घेऊन खुर्चीवर बसता येत नाय कुणाला. मग वरून डाळभात खाऊन काय उपयोग?"

त्या दिवशी मी पेणला उतरले तेव्हा मला दुसऱ्यांदा पळून जावंसं वाटत होतं, पण या वेळी जायचं घरीच होतं, त्यामुळे पळायला जागा नव्हती. आई सुके बोंबील साफ करत बसली होती. मी समोर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. तिने हातातला बोंबील संपवला, दुसरा घेतला.

"मना ठावं हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. दोन तासांत परत आयलीस. जायला यायलाच यवढा टाइम लागतो. कंपनीत काय नुसतं गेटाला पाय लावून आयलीस?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू कनाला नाय बोल्लीस?" आई म्हणाली, आणि मग जरा वेळाने, बोंबलांकडेच बघत, "मी फोनकडं धावायची ते तुझ्यासाठी. तुला वाटाला नको, आईन वाट बघायची सोडली."

मी खूप रडले. आईने मला उठवून हात धुवायला लावले, कारण मी रडता रडता बोंबील धरला होता आणि त्याच हाताने डोळे पुसत होते.

चौथी मुलाखत आली ती नेमकी सरांच्याच जुन्या कंपनीत. लॅबमध्ये केमिस्टची जागा. आदल्या दिवशी मी गेटासमोर चहा प्यायले, वॉचमनला वेळ विचारली. त्याने वेळ सांगितली आणि म्हणाला, "रोह्याच्या सरांची पोरगी काय? सगळी वेळच विचारतात." मुलाखतीच्या दिवशी मोठे साहेब मुंबईहून येताना रस्त्यात अडकले आणि दहाची मुलाखत दुपारी दोनला सुरू झाली. बाकावर आम्ही नऊ जण. अकरा वाजता एकाने टाय सैल केला. बारा वाजता एक मुलगी नोट्स वाचता वाचता हुंदके द्यायला लागली. मी पाठ टेकून बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या विषयात मी इतरांच्या पुढे होते, आणि तो विषय होता खुर्चीवर बसणं.

आत मला एका यंत्राबद्दल विचारलं. ते यंत्र आमच्या कॉलेजात कपाटात कुलूपबंद असायचं. मी मान ताठ ठेवून "माहीत नाही, सर. पाहिलंय, हाताळलेलं नाही" म्हणाले. साहेबांनी मान डोलावली आणि जे येत होतं ते विचारलं. टायट्रेशनवर मी इतकी बोलले की त्यांनाच थांबवावं लागलं. पंधरा दिवसांनी पत्र आलं. आई पत्र घेऊन सगळ्या चाळीत फिरली. बाबांनी दाढी करताना आरशात बघून "विजेते" एवढंच म्हटलं.

मुलाखत संपल्यावर मी अटीप्रमाणे थेट पडवीत गेले होते. सर तयारच होते, डोळे मिटून. मी सांगितलं, "टेबल अर्धगोल. तीन माणसं. दार आत ढकलायचं. खिडकी मागच्या बाजूला, तिच्यातून पाण्याची टाकी दिसते."

"टाकी डाव्या हाताला का उजव्या?"

"उजव्या."

सरांनी बोटाने मांडीवर एक चौकोन आखला. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या वरच्या भातखाचरात."

"काय?"

"ती हापिसाची बिल्डिंग हाय ना, ती आमच्या भातात हाय. मला बाहेरचा बांध ठाऊक होता. आतलं नक्की कुठं येतं ते समजत नव्हतं." आणि लगेच आत बघून ओरडले, "चहा टाक गो, पोरगी पास हाय!"

त्या दिवशी पहिल्यांदा मला तो दोन एकरांचा विनोद विनोद वाटला नाही.

नोकरीला लागल्यावर माझं रोह्याला रोजचंच जाणं झालं. तीन वर्षांनी कंपनीत एक जागा निघाली. गेटपास ऑफिसात, कंत्राटी, निवृत्त माणसंही अर्ज करू शकतात. मी सरांना सहज बोलता बोलता सांगितलं. त्यांनी ऐकलं न ऐकलं केलं. नंतर कळलं की त्याच संध्याकाळी त्यांनी तबस्सुमला बोलावून अर्ज लिहून घेतला होता, आणि काकूंना सांगायचं नाही अशी शपथही घातली होती. तबस्सुमने ती शपथ काकूंना सांगूनच घेतली.

मुलाखतीच्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये गेले. सर बाकावर होते. अंगात निळा शर्ट. पायात बाहेरगावच्या त्यांच्या मुलाने पाठवलेले कोरे करकरीत बूट. फाइल छातीशी धरलेली, जणू कुणी हिसकावून घेईल.

"सर, डाळभात?"

"गेला नाय घशाखाली. चहा घेतला."

"निळा शर्ट घातलाय."

त्यांनी खाली पाहिलं. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं की तो कधी घातला. तेवढ्यात समोरच्या स्टुलावरच्या नव्या शिपायाने त्यांचं नाव पुकारलं, आणि हजारो नावं पुकारलेला हा माणूस स्वतःच्या नावावर उठला नाही. दुसऱ्यांदा पुकारावं लागलं. मग ते उठले, दारापाशी गेले, आणि दार ओढायला लागले. मी बाकावरून हळूच म्हटलं, "सर, ढकला."

ते वीस मिनिटांनी बाहेर आले. मी त्यांना कँटीनमध्ये नेलं. पाण्याचे दोन ग्लास संपल्यावर त्यांना कंठ फुटला.

"काय विचारलं?"

"म्हणाले, स्वतःबद्दल सांगा. मी बापाचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, मग संपलंच. माझ्याबद्दल एवढंच हाय का गो?" त्यांनी ग्लास फिरवला. "मग म्हणाले, कंपनीबद्दल काय माहिती आहे? म्हटलं, साहेब, तुम्ही बसलाय तिथं आमची भाताची रोपं असायची. तो तरणा साहेब एकदम पाय वर घेऊन बसला. जसा काय चिखल लागणार त्याला."

"मग?"

"मग म्हणाले, कंप्युटर येतो का?" सरांनी ग्लास खाली ठेवला. "मी म्हणालो, येतो."

मी त्यांच्यापुढे तिसरा ग्लास सरकवला.

"येतो म्हणालो गो मी! त्यांनी तोंड माझ्याकडं फिरवलं त्या कंप्युटरचं, म्हणाले दाखवा. मला तो चालूपण करता येईना. बटण कुठं असतं तेसुद्धा…" त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "इतकी वर्षं पोरांवर ओरडलो, तोंड काय नळ हाय? नळच हाय. आपोआप गेलं बघ तोंडातून. आणि मान पडली. मी पाडली नाय, ती पडलीच."

मी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत कधी धरला नव्हता. त्यांचा तळवा घामाने ओला होता, अगदी वडखळच्या स्टँडवर माझा होता तसा.

"आणि आत काय हाय ठाऊक?" ते एकदम म्हणाले. "काय नाय. एक टेबल न् तीन दमलेली माणसं. एकाचं लक्ष घड्याळात, एक बाई मोबाइलवर पोराला जेवलास का म्हणून विचारत होती. त्यांनापण घरीच जायचं होतं. मला वाटायचं काय काय असेल आत! मी पोरांना किती भ्या घातलं रे देवा, निळं घालू नका न् अमकं करू नका."

जागा दुसऱ्याला गेली, ज्याला कंप्युटरचं बटण सापडत होतं. आठवड्याने सरांना कंपनीच्या कागदावर, त्यांच्या पूर्ण नावाने पत्र आलं. ‘आपल्या मुलाखतीबद्दल आभार. या वेळी आपली निवड होऊ शकली नाही, याचा खेद आहे.’

मी धास्तावून पडवीत गेले. सर पुढ्यात बारा-पंधरा मुलं बसवून, चष्मा लावून ते पत्र मोठ्याने वाचत होते. पत्र संपल्यावर त्यांनी कंप्युटरचा सगळा किस्सा सांगितला, बटणासकट, मान पडण्यासकट. मुलं आधी घाबरून एकमेकांकडे बघत होती, मग एक हसला, मग सगळीच हसायला लागली. तबस्सुमची तर हसून हसून ओढणी तोंडात गेली. तिची दुसऱ्या दिवशी एका बँकेत मुलाखत होती. ती हसतच गेली, आणि तिला तिथे घेतलं.

"नापास झालेत, आणि सत्यनारायणासारखं वाचून दाखवताहेत," काकू मला दारात म्हणाल्या. मग त्यांनी आवाज जरा चढवला. "हे तीस वर्षांपूर्वी नापास झाले असते ना, तर एव्हाना किती पोरं पास झाली असती!"

सरांनी ते ऐकलं. चष्मा काढून पुसला.

"तेव्हा कुणी बोलावलं होतं मला?" ते म्हणाले. "जमिनीला बोलावलं होतं. हे माझ्या नावानं आलंय." आणि पत्राची घडी घालून खिशात ठेवत मुलांना म्हणाले, "उद्या येताना आठवण करा. झेरॉक्स काढून एकेक देतो सगळ्यांना."

त्यांनी खरंच दिली. माझी प्रत लॅबमध्ये माझ्या टेबलाच्या खणात आहे.